वरची कप्पी

माझं वजन सत्तेचाळीस, म्हणून वर मी.
इनासकाकाचा गुडघा गेलाय, म्हणून खाली तो,
विंचवर तीन वेढे, दोराचं शेपूट मुठीत.
"खाली बघू नको" असलं काही म्हणत नाही.
म्हणतो, "पाना बांधलास का मनगटाला?
मागचा अजून चिखलात आहे,
आणि तो माझा होता."

माझगावसमोर, मूरिंगवर,
ऑक्टोबरातले दुपारचे साडेबारा.
डोलकाठी हाताला तव्यासारखी लागते.
घारापुरीची लाँच लांबून जाते,
तिची लाट सावकाश येते,
डेकवरचा चहाचा कप हलेल इतकीच.
वर मी वावभर इकडे, वावभर तिकडे.
कवटाळते त्या खांबाला,
जसं मयताच्या घरी
आपण कुणाही अनोळखी माणसाला कवटाळतो.

मग बघते.
इतकी वर्षं शीड चढवायला तारेचा दोर होता.
मालकाला आता धाग्याचा हवाय,
हलका, मऊ, डब्यात घालून परदेशातून आलेला.
बदला की. पण कप्पी तारेची आहे.
तारेनं तिच्या खाचेला धार लावून ठेवलीय,
बोट फिरवलं तर करवत.
हिनं नवा दोर फेब्रुवारीपर्यंत कापून काढला असता,
एकेक धागा,
कुणाला न सांगता.

खिळ्याभोवती पांढरी पूड.
दोन धातू, मधे मीठ.
(काका म्हणतो, काही लग्नं अशीच जाम होतात,
मग ठोकून काढावी लागतात.
त्याचं स्वतःचं झालंच नाही.)

आणि पिनेच्या जागी हे काय?
"काका, इथे तांब्याची तार आहे!"
"काय?"
"विजेच्या वायरीतली! पिळून बसवलीय कुणीतरी!"
"असेल कोणी गाढव,"
वरपर्यंत नीट ऐकू येईल असं म्हणाला
आणि विंचकडे बघत राहिला.

सात पीळ. शेवटचं टोक आत मुडपलेलं,
शिडाला ओरखडा नको म्हणून.
असं टोक मुडपणारा
या अख्ख्या बंदरात मी एकच पाहिलाय.
मी काही बोलले नाही.
हातोडी मारली. खिळा तिसऱ्या दिवशी सुटावा तसा
चाळिसाव्या ठोक्याला सुटला.

नवी कप्पी दारूखान्यात लेथवर काढून घेतलेली,
रुंद खाच, कडा गोल,
गालावर फिरवून बघावी अशी.
ती बसली. पिनही खरी बसली.

नंतरचं काम सोपं, असं सगळेच म्हणतात.
जुन्या तारेच्या शेपटाला बारीक दोरी शिवायची,
जुनं बाहेर ओढायचं, ते जाता जाता नव्याला वाट देतं.
आमचं शिवलेलं मधेच सुटलं.
तार खळखळत बाहेर आली,
दोरी डोलकाठीच्या पोटात राहिली.
अंधारात. चौदा मीटर.

काकानं शिवी दिली नाही, याचीच मला भीती वाटली.
डबा उपसला, सायकलच्या चेनचा तुकडा काढला,
सुतळीला बांधून वर पाठवला.
मी चेन आत सोडली, हळूहळू,
ती आतून भिंतींना लागत गेली,
टिक, टिक, कुणी जिने उतरतंय तशी,
आणि खालच्या भोकातून काकानं
वाकवलेल्या हँगरनं तिला पकडलं.
"आली," म्हणाला.
एवढंच. सव्वा तास लागला होता.

मी उतरले. पाय माझे नव्हते.
तांब्याचा पीळ त्याच्या तळहातावर ठेवला.
त्यानं उलटासुलटा करून बघितला,
"गाढवाचं काम बरं टिकलं," म्हणाला
आणि शर्टाच्या खिशात टाकला, विडीच्या बंडलाशेजारी.

संध्याकाळी वारा आला तसं शीड चढवून बघितलं.
आधी कप्पी केवढी किंचाळायची,
धक्क्यावर कळायचं आम्ही निघालो ते.
आज काही नाही.
दोर नुसता जातोय वर.
काका दोनदा थांबला,
अडकलं समजून,
मान मागे टाकून टोकाकडे बघत.
मग परत ओढायला लागला.